झिजलेला शाफ्ट लेझर क्लॅडिंगने भरून घेताना: विदर्भातील नवख्यांसाठी मार्गदर्शन

हिंगणघाट किंवा राळेगावची जिनिंग असो, मूल-सिंदेवाहीची राईस मिल असो, अकोल्याची दाल मिल असो की वणी-राजुऱ्याचा खाणपट्टा असो, यंत्र बंद पडण्याचे एक कारण सगळीकडे वारंवार दिसते. शाफ्टवरची बेअरिंग बसण्याची जागा झिजते, बेअरिंगची आतली कडी शाफ्टवर घसरून फिरू लागते आणि थोड्याच दिवसांत सगळा जोड खिळखिळा होतो. अशा वेळी नवा शाफ्ट करावा, आर्क वेल्डिंगने भरून लेथवर उतरवावा, की लेझर क्लॅडिंग करून घ्यावे, असा प्रश्न उभा राहतो. यातला तिसरा पर्याय आपल्याकडे अजून फारसा परिचयाचा नाही आणि त्याविषयी जे ऐकायला मिळते त्यात जाहिरातीचा भाग बराच असतो. आधी जॉब, म्हणजे दुरुस्तीचा भाग, पाठवणारा ग्राहक म्हणून आणि पुढे असे काम जवळून पाहणारा वर्कशॉपवाला म्हणून मला जे समजले, ते येथे क्रमाने मांडत आहे. माझा मुख्य आग्रह असा आहे की लेझरचा झोत जॉबवर फिरतो तो वेळ फार थोडा असतो. काम टिकणार की नाही हे त्याआधी दिलेल्या माहितीवर, पूर्वतयारीवर आणि नंतरच्या ग्राइंडिंगवर ठरते, आणि या गोष्टी तालुक्याच्या गावी बसलेल्या ग्राहकालाही हातात ठेवता येतात.

१. प्रक्रिया समजून घ्या

लेझरचा झोत शाफ्टच्या पृष्ठभागावर साधारण ३ ते ५ मिलिमीटर रुंदीच्या जागेवर पडतो आणि तेथे वितळलेल्या धातूचे लहानसे तळे तयार होते. त्याच वेळी नोझलमधून आर्गॉन वायूच्या प्रवाहाबरोबर धातूची पावडर त्या तळ्यात सोडली जाते. पावडर वितळून मूळ धातूशी एकजीव होते आणि झोत पुढे सरकताच मागे धातूची एक पट्टी गोठून उरते. शाफ्ट सावकाश फिरत राहतो, नोझल लांबीच्या दिशेने सरकत राहते आणि कौलारू छपरावर एक कौल दुसऱ्यावर चढवतात तशी प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर जवळजवळ निम्मी चढवली जाते. एका फेरीत साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर जाडीचा थर बसतो. अधिक जाडी हवी असल्यास थरावर थर देता येतात.

आर्क वेल्डिंगच्या तुलनेत दोन फरक महत्त्वाचे आहेत. पहिला फरक सरमिसळीचा आहे. आर्क वेल्डिंगमध्ये मूळ धातूचा २० ते ३० टक्के अंश भरलेल्या धातूत मिसळू शकतो, तर नीट केलेल्या लेझर क्लॅडिंगमध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास ठेवता येते. म्हणूनच पातळ थरातही पावडरीचे मूळ गुण टिकतात. दुसरा फरक उष्णतेचा आहे. लेझरची उष्णता थोड्या जागेत आणि थोड्या वेळापुरती असल्यामुळे शाफ्ट वाकण्याचा धोका बराच कमी होतो आणि उष्णतेने बिघडलेला पट्टा अरुंद राहतो. मेटल स्प्रे, म्हणजे धातूची फवारणी, ही यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. फवारलेला थर मुख्यतः खडबडीत पृष्ठभागाला पकडून बसलेला असतो, वितळून एकजीव झालेला नसतो, त्यामुळे धक्के आणि काठावरचा दाब सहन करण्यात तो कमी पडतो.

याच तत्त्वावर भरणी न करता थरावर थर देऊन संपूर्ण नवा भागही घडवता येतो. अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात विकसित झालेली ‘लेन्स’ ही पद्धत त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. भारतात हैदराबादची एआरसीआय (पावडर धातुशास्त्र व नव्या पदार्थांचे संशोधन केंद्र) आणि इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र या दोन्ही संस्थांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे. जर्मनीतील आखेन येथील फ्राउनहोफर संस्थेत विकसित झालेल्या अतिवेगवान पद्धतीत पावडर तळ्यात पडण्याआधीच वितळवली जाते, त्यामुळे २५ ते २५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतके पातळ थर देता येतात. हार्ड क्रोमला, म्हणजे विजेच्या साहाय्याने चढवलेल्या क्रोमियमच्या कठीण मुलाम्याला, पर्याय म्हणून तिच्याकडे पाहिले जाते. आपल्या शाफ्टच्या कामाला मात्र बहुतेक वेळा साधी, जाड थराची पद्धतच लागते.

२. हा जॉब लेझरला योग्य आहे का, हे आधी ठरवा

या टप्प्यावर घाई करू नये, कारण अयोग्य जॉब पाठवला तर पुढची सगळी काळजी वाया जाते.

बेअरिंगची जागा, ऑइल सील घासते ती जागा, पंपाच्या शाफ्टचा स्लीव्हखालचा (वर चढवलेल्या नळीखालचा) भाग, हायड्रॉलिक रॉड, व्हॉल्व्हची बैठक आणि तेलघाण्याच्या एक्सपेलरचे वर्म (बिया पुढे दाबणारा मळसूत्री भाग) हे लेझर क्लॅडिंगला योग्य भाग आहेत. मूळ शाफ्ट जाड आणि महाग आहे, झीज एका बाजूस दोन मिलिमीटरपर्यंत आहे आणि जागा गोल, सरळ व नोझल पोहोचेल अशी आहे, अशा ठिकाणी या पद्धतीचा खरा फायदा होतो.

याउलट दोन-तीन फूट लांबीचा, साध्या ईएन ८ (मध्यम कार्बनचे पोलाद) च्या बारमधून कोणताही टर्नर करून देईल असा शाफ्ट असेल, तर सरळ नवा करून घ्यावा. कास्ट आयर्नच्या पुल्या आणि हाउसिंग यांत कार्बन इतका असतो की जोडाजवळ कठीण, ठिसूळ पट्टा तयार होऊन तडे जातात; विशेष पावडर आणि अनुभव नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. राईस मिलच्या कोंडा ओढणाऱ्या पंख्याची पाती पातळ पत्र्याची असतात, ती उष्णतेने वेडीवाकडी होतात. त्यांना बदलता येणारी झीजपट्टी लावणे अधिक शहाणपणाचे ठरते. झीज पाच-सहा मिलिमीटर असेल तर लेझरने भरता येते, पण वेळ व पावडर इतकी लागते की स्लीव्ह चढवण्याचा पर्याय आधी तपासावा.

एक इशारा मी ठळकपणे देऊ इच्छितो. क्लॅडिंगच्या थरात गोठताना बहुधा ताण शिल्लक राहतो आणि सतत वाकणाऱ्या, फिरणाऱ्या शाफ्टची थकवा सोसण्याची ताकद त्यामुळे कमी होऊ शकते. म्हणून शाफ्टचा व्यास जेथे बदलतो त्या खांद्याच्या गोलाईवर, म्हणजे जेथे तडा सुरू होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते तेथे, यंत्रनिर्मात्याला विचारल्याशिवाय थर देऊ नये. खाणीतील माणसे व माल चढवणाऱ्या वाइंडरचे भाग, क्रेनचे हूक, गाडीचे ॲक्सल आणि स्टिअरिंगचे भाग या पद्धतीने दुरुस्त करण्याचा विचार ग्राहकाने स्वतःच्या जबाबदारीवर करूच नये. शाफ्टला आधीच तडा असेल, विशेषतः चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून निघालेला, तर तो शाफ्ट भंगारात गेलेलाच बरा.

पावडर किती लागेल याचा अंदाज ग्राहकाला स्वतः काढता येतो आणि तो काढून ठेवल्यास कोटेशन तपासणे सोपे जाते. समजा ८० मिलिमीटर व्यासाच्या जागेवर ६० मिलिमीटर लांबीत १ मिलिमीटरचा थर द्यायचा आहे. पृष्ठभाग साधारण १५१ चौरस सेंटिमीटर होतो, थराचे घनफळ सुमारे १५ घन सेंटिमीटर आणि पोलादी पावडरीचे वजन सुमारे १२० ग्रॅम होते. फवारलेल्या पावडरीपैकी सगळी तळ्यात पडत नाही. ७० टक्के पकडली गेली असे धरले तर सुमारे १७० ग्रॅम पावडर लागेल. म्हणजे लहान जॉबमध्ये पावडरीचा खर्च मर्यादित असतो, आणि पैसा जातो तो यंत्राचा वेळ, मांडणी, ग्राइंडिंग आणि वाहतुकीवर. दोन-चार शाफ्ट एकत्र पाठवले तर मांडणी आणि वाहतुकीचा खर्च वाटला जातो, त्यामुळे हंगाम संपल्यावर शेजारच्या दोन जिनिंगनी मिळून जॉब पाठवणे परवडते.

३. धातू ओळखा

‘लोखंडच आहे’ एवढी माहिती क्लॅडिंग करणाऱ्या केंद्राला पुरत नाही. शाफ्ट साध्या माइल्ड स्टीलचा आहे, ईएन ८ चा आहे, ईएन १९ चा आहे की ईएन २४ चा, यावर आधी तापवायचे की नाही आणि किती तापवायचे हे ठरते. यासाठी कार्बन तुल्यांक काढतात. कार्बनच्या टक्केवारीत मँगनीजचा सहावा भाग, क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम यांच्या बेरजेचा पाचवा भाग आणि निकेल व तांबे यांच्या बेरजेचा पंधरावा भाग मिळवला की हा आकडा मिळतो. ईएन ८ मध्ये कार्बन ०.४० आणि मँगनीज ०.८० धरले तर तुल्यांक ०.५३ येतो. ईएन १९ मध्ये कार्बन ०.४०, मँगनीज ०.७०, क्रोमियम १.१० आणि मॉलिब्डेनम ०.२५ धरले तर तो ०.७९ च्या आसपास जातो. आकडा जितका मोठा, तितका थराखालचा पट्टा कठीण होऊन तडकण्याचा धोका मोठा. ईएन १९ साठी २०० ते ३०० अंश सेल्सिअस आधी तापवणे आणि नंतर सिरॅमिक ब्लँकेटमध्ये गुंडाळून सावकाश थंड करणे ही सर्वसाधारण रीत आहे. फार मोठ्या व जाड शाफ्टमध्ये मूळ धातू उष्णता झपाट्याने ओढून घेतो, त्यामुळे तेथे ही काळजी आणखी वाढते.

शाफ्टसोबत मूळ प्रमाणपत्र नसेल तर स्पेक्ट्रो चाचणी, म्हणजे धातूतील घटकांचे प्रमाण मोजणारी चाचणी, करून घ्यावी. ग्राइंडरच्या ठिणग्या पाहून जुने कारागीर कार्बनचा अंदाज बऱ्यापैकी सांगतात, पण क्रोमियम व मॉलिब्डेनमचे प्रमाण ठिणग्यांवरून ठरवू नये.

धातूबरोबर शाफ्टचा इतिहासही सांगावा लागतो. त्यावर पूर्वी वेल्डिंग झाले आहे का, हार्ड क्रोम चढवलेले आहे का, जागा इंडक्शनने कडक केलेली आहे का, हे केंद्राला लेखी कळवावे. कडक केलेली जागा लेझरखाली आली की थराच्या कडेला ती नरम पडते किंवा तडकते. जुन्या वेल्डिंगचा थर तर पूर्ण उतरवूनच पुढे जावे, कारण आत कोणता रॉड वापरला होता आणि किती छिद्रे राहिली आहेत हे बाहेरून कळत नाही. ही माहिती भाव वाढेल या भीतीने लपवणारे ग्राहक असतात. त्यात नुकसान ग्राहकाचेच होते.

४. माप घ्या आणि झिजेचे कारण शोधा

माप व्हर्नियरने घेऊ नये, मायक्रोमीटरने घ्यावे. झिजलेल्या जागेच्या लांबीत तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी परस्परांशी काटकोनात दोनदा व्यास मोजावा, म्हणजे जागा निमुळती झाली आहे की लंबगोल, हे दिसते. मापे सुतात लिहून पाठवू नयेत, मिलिमीटरमध्येच लिहावीत. अंतिम व्यास लिहिताना फक्त ‘५० मिलिमीटर’ असे न लिहिता टॉलरन्सही, म्हणजे मापात किती फरक चालेल तेही, लिहावा. उदाहरणार्थ, ५० मिलिमीटर व्यासाला ‘के ६’ बसणी हवी असेल तर व्यास ५०.००२ ते ५०.०१८ मिलिमीटरच्या दरम्यान असावा लागतो. कोणती बसणी हवी हे बेअरिंग उत्पादकाच्या पुस्तिकेत भारानुसार दिलेले असते.

सेंटर होल सुरक्षित आहेत का ते पाहावे. शाफ्टच्या दोन्ही टोकांची ही छिद्रे म्हणजे पुढच्या टर्निंग व ग्राइंडिंगचा आधार आहे. ती ठेचली गेली असतील तर शाफ्ट न झिजलेल्या जागेवर डायल (बारीक फरक दाखवणारे घड्याळी मापक) लावून ट्रू, म्हणजे मध्यावर सरळ फिरेल असा, करावा आणि छिद्रे आधी दुरुस्त करावीत.

आता कारणाकडे वळू. बेअरिंगची कडी शाफ्टवर का फिरली? मूळ बसणी सैल होती, पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणलेला होता, दोन बेअरिंग एका रेषेत नव्हती, की सील फाटून कापसाची धूळ किंवा भाताच्या तुसाची बारीक भुकटी आत गेली? भाताच्या तुसात सिलिका भरपूर असते, त्यामुळे ती भुकटी धातूला सतत घासत राहते. कारण तसेच ठेवून फक्त जागा भरून घेतली तर पुढच्या हंगामात तोच शाफ्ट पुन्हा बाहेर काढावा लागतो, आणि दोष मात्र लेझरला दिला जातो.

५. पावडर कामाप्रमाणे निवडा

‘सर्वांत कडक पावडर मारा’ अशी मागणी वारंवार ऐकू येते आणि बेअरिंगच्या जागेसाठी ती चुकीची आहे. तेथे बेअरिंगची कडी घट्ट बसून राहायची असते, घासायचे काहीच नसते; त्यामुळे सहज टर्निंग-ग्राइंडिंग होईल असा, न तडकणारा थर अधिक उपयोगी पडतो. ३१६ एल हे स्टेनलेस स्टील किंवा निकेलवर आधारित इन्कोनेल ६२५ ही पावडर मऊ, चिवट आणि गंजाला सहसा दाद न देणारी आहे. पाण्याच्या पंपासाठी व ओलसर जागेसाठी ती विचारात घ्यावी. सील घासते त्या जागेला कडकपणा लागतो, तेथे ४३१ किंवा ४२० या मार्टेन्सिटिक, म्हणजे थंड होताना कडक होणाऱ्या, स्टेनलेस पावडरी वापरतात. उष्णता आणि घर्षण दोन्ही असेल, उदाहरणार्थ वाफेच्या व्हॉल्व्हमध्ये, तर कोबाल्टवर आधारित स्टेलाइट ६ योग्य ठरते. माती, कोळसा, मँगनीजचे खनिज यांच्या थेट घर्षणाला निकेलच्या मिश्रधातूत टंगस्टन कार्बाइडचे कण घातलेली पावडर वापरतात. मात्र हा थर साध्या ग्राइंडिंग चाकाला दाद देत नाही, त्याला डायमंड चाक लागते आणि त्यात बारीक आडवे तडे पडणे नेहमीचे असते. असा थर शाफ्टवर देऊ नये.

पावडर गोल कणांची, वायूच्या झोताने बनवलेली आणि साधारण ४५ ते १५० मायक्रॉन आकाराची असावी. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा ओल धरतो, नोझलमधून प्रवाह अडखळतो आणि थरात छिद्रे राहतात. डबा सीलबंद होता का आणि पावडर वापरण्यापूर्वी ओव्हनमध्ये सुकवली का, हे विचारायला संकोच करू नये.

६. केंद्र निवडताना विचारायचे प्रश्न

सध्या हातात धरून चालवायची लेझर वेल्डिंग यंत्रे तालुक्याच्या गावांतही दिसू लागली आहेत. पत्रा आणि ग्रिलच्या कामाला ती चांगली आहेत, पण हाताने धरलेल्या बंदुकीने आणि तारेने भरलेली जागा म्हणजे पावडर क्लॅडिंग नव्हे. शाफ्ट ठरावीक वेगाने फिरवणारी यंत्रणा, नोझलची ठरावीक चाल आणि मोजून सोडलेली पावडर या तिन्हींशिवाय एकसारखा थर मिळत नाही. म्हणून केंद्राकडे जाऊन यंत्र स्वतः पाहावे आणि पुढील गोष्टी विचाराव्यात: लेझरची शक्ती किती किलोवॅट आहे, किती लांबीचा व वजनाचा शाफ्ट यंत्रावर बसतो, आधी तापवण्याची सोय आहे का, याच धातूवर याच पावडरीचा नमुना तुकडा कापून दाखवता येईल का, ग्राइंडिंग तेथेच होते की बाहेर, आणि तडे शोधणाऱ्या डाय पेनेट्रंट तपासणीचा (ती पुढे सांगितली आहे) अहवाल मिळेल का. कापलेला नमुना तुकडा दाखवण्याची तयारी असणारे केंद्र मी दोन पैसे जास्त घेत असले तरी निवडीन.

धातुशास्त्राच्या अंगाने शंका असल्यास नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेमध्ये धातुशास्त्र व पदार्थ अभियांत्रिकीचा विभाग आहे; तेथील जाणकारांशी बोलण्याने बऱ्याच गोष्टी स्पष्ट होतात.

७. कागदपत्रे आणि वाहतूक

पुढील कागद जॉबसोबत द्यावेत आणि त्यांची एक प्रत स्वतःकडे ठेवावी:

- जॉबवर्कचे डिलिव्हरी चलान, त्यात शाफ्टचे वर्णन, वजन आणि अंदाजे किंमत
- केंद्र दुसऱ्या राज्यात असल्यास ई-वे बिल. दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला माल पाठवताना किंमत कितीही कमी असली तरी ते लागते
- आपला जीएसटी क्रमांक आणि असल्यास उद्यम नोंदणी
- शाफ्टचे हाताने काढलेले का होईना, पण पूर्ण मापांचे रेखाचित्र
- धातूचा चाचणी अहवाल, पूर्वीच्या दुरुस्तीची माहिती आणि झिजेचे फोटो
- पावडर, थराची अंतिम जाडी, टॉलरन्स आणि तपासणी यांचा उल्लेख असलेली लेखी ऑर्डर

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिच्यासाठी कोणा दलालाला पैसे देण्याची गरज नाही. जीएसटी कायद्यानुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत परत यावी लागते. इतका उशीर होण्याचे कारण नाही, पण चलान जपून ठेवावे.

शाफ्टला ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, लाकडी ठोकळ्यांच्या खाचेत बांधून पाठवावा. चांगल्या जागांवर साखळी अडकवू देऊ नये. जिनिंगचा रोलर असल्यास लेदरच्या चकत्या उतरवूनच शाफ्ट द्यावा, नाहीतर आधी तापवताना त्या जळतील.

८. पूर्वतयारीत काय झाले पाहिजे

केंद्राने झिजलेली जागा प्रथम लेथवर समान खोलीने उतरवली पाहिजे. झीज ०.३ मिलिमीटर असली तरी जागा एका बाजूस अर्धा मिलिमीटरपर्यंत खाली घेतली जाते, कारण वरचा थकलेला, गंजलेला आणि तेल प्यायलेला थर निघून जावा लागतो आणि अंतिम थरालाही ग्राइंडिंगनंतर पुरेशी जाडी उरावी लागते. उतरवलेल्या जागेच्या कडा काटकोनात सोडू नयेत, त्यांना उतार किंवा गोलाई द्यावी. काटकोनाच्या कोपऱ्यात वितळलेला धातू पोहोचत नाही आणि तेथेच पोकळी राहते. चावीची खाच त्या जागेत येत असेल तर ती तांब्याच्या किंवा ग्रॅफाइटच्या पट्टीने भरून घ्यावी लागते.

यानंतर तेल काढणे. जिनिंग व तेलघाण्याच्या शाफ्टमध्ये बारीक खाचांत मुरलेले तेल केवळ फडक्याने पुसून जात नाही. सॉल्व्हंटने धुऊन, हलके तापवून, बाहेर आलेले तेल पुन्हा पुसावे लागते. शेवटी उघड्या धातूवर डाय पेनेट्रंट तपासणी करावी: लाल रंग लावून दहा-वीस मिनिटे थांबायचे, पुसायचे, पांढरा डेव्हलपर मारायचा आणि लाल रेघ उमटते का ते पाहायचे. ही तपासणी क्लॅडिंगच्या आधी झाली का, हे ग्राहकाने हमखास विचारावे, कारण आधीचा तडा थराखाली झाकला गेला की तो नंतर सापडत नाही.

९. प्रत्यक्ष काम आणि तेथील सुरक्षितता

या यंत्रांतील लेझर वर्ग ४ चा असतो. फायबर लेझरची तरंगलांबी साधारण १०७० नॅनोमीटर असते आणि तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण चकचकीत धातूवरून परावर्तित झालेला झोतही डोळ्याचा पडदा कायमचा जाळू शकतो. साधा वेल्डिंगचा काळा चष्मा येथे संरक्षण देतो असे समजू नये. त्या तरंगलांबीसाठीच बनवलेला चष्मा लागतो. काम बंद कक्षात चालावे आणि आपण बाहेरच्या पडद्यावर पाहावे. निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियम यांची बारीक पावडर फुप्फुसात जाणे घातक आहे, म्हणून धूर ओढणारी यंत्रणा व योग्य मास्क यांची विचारपूस करावी. आर्गॉन हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खोलगट जागेत साचतो आणि वास नसल्याने गुदमरण्याची सूचना मिळत नाही.

पडद्यावर पाहताना पट्ट्या एकसारख्या रुंदीच्या आहेत का, मध्येच प्रवाह तुटतो का आणि थराचा रंग गडद निळा-काळा पडतो का, हे पाहावे. गडद रंग म्हणजे वायूचे आवरण अपुरे असल्याची खूण समजावी.

१०. ग्राइंडिंग आणि तपासणी

लेझरखालून आलेला पृष्ठभाग लाटांसारखा असतो. जास्तीचा भाग लेथवर उतरवून शेवटचे ०.२ ते ०.३ मिलिमीटर सिलिंड्रिकल ग्राइंडिंगने काढावे. भरपूर कूलंट वापरावे आणि कट हलके घ्यावेत, कारण घाईने केलेल्या ग्राइंडिंगमुळे चांगल्या थरातही जाळीसारखे तडे पडतात. पैसे वाचवण्यासाठी भरलेला जॉब घरी आणून लेथवर एमरी लावून माप आणण्याचा मोह टाळावा.

माल ताब्यात घेताना स्वतःचा मायक्रोमीटर न्यावा. व्यास, गोलाई आणि डायलवरचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) मोजावा, ग्राइंडिंगनंतरची डाय पेनेट्रंट तपासणी समोर करून घ्यावी आणि थराच्या दोन्ही कडांकडे नीट पाहावे, कारण जोड सुटायला सुरुवात तेथूनच होते. कडकपणा हातातल्या ठोकणाऱ्या यंत्राने मोजला तर पातळ थरावर आकडा खालच्या धातूचा प्रभाव घेऊन येतो; त्यापेक्षा नमुना तुकड्यावर प्रयोगशाळेत मोजलेला आकडा विश्वासार्ह धरावा.

११. स्वतःचे केंद्र काढू इच्छिणाऱ्यांसाठी

आयटीआयमधून टर्नर किंवा वेल्डर होऊन आलेली मुले हे काम शिकू शकतात, आणि विदर्भात कोळसा, सिमेंट, मँगनीज, औष्णिक वीज व जिनिंग एवढे झीज निर्माण करणारे उद्योग असताना कामाची कमतरता पडू नये असे मला मनापासून वाटते. मात्र यंत्र घेण्याआधी निदान एका हंगामाचे जॉब लेखी स्वरूपात गोळा करावेत. विजेचा दाब स्थिर ठेवण्याची सोय आधी करावी. चंद्रपूर, नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे लेझर थंड ठेवणारा चिलर घेताना तो किती बाहेरच्या तापमानापर्यंत पूर्ण क्षमतेने चालतो हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. पावसाळ्यात उलट, गार पाण्यामुळे लेझरच्या काचेवर दव धरू नये म्हणून कक्ष कोरडा ठेवावा लागतो.

आर्गॉनचा हिशेबही मांडावा. ४७ लिटरच्या, १५० बार दाबाने भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर वायू असतो; मिनिटाला २० लिटर वापर धरल्यास तो सहा तासांहून थोडा कमी चालतो. अर्ध्या जॉबमध्ये सिलिंडर संपू नये म्हणून दोन सिलिंडर जोडून ठेवावेत. सिलिंडर साठवण्याचे नियम पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे, त्यामुळे साठा वाढवण्यापूर्वी नियम प्रत्यक्ष विचारून घेणे अवघड नाही.

१२. बसवल्यानंतर

बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवू नये. इंडक्शन हीटरवर किंवा तेलात साधारण ११० अंशांपर्यंत तापवून सरकवावे आणि थंड होईपर्यंत खांद्याला टेकलेले धरावे. पहिल्या आठवड्यात रोज बेअरिंगचे तापमान व आवाज नोंदवावा, महिन्याने पट्ट्याचा ताण आणि रेषा पुन्हा तपासावी. हंगाम संपल्यावर कव्हर उघडून थराच्या कडेवर पुन्हा एकदा लाल रंगाची तपासणी करावी आणि तिची नोंद त्या शाफ्टच्या फाइलमध्ये, पावडरीचे नाव व बॅच क्रमांक यांच्यासोबत लावून ठेवावी, कारण पुढच्या वेळी त्याच जागेवर थर द्यायचा झाला तर केंद्र सर्वांत आधी हीच माहिती मागते.